स्नायू की मज्जातंतू? ऑक्सिटोसिनचा नव्वद वर्षांचा घोळ

दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रेस सेमिनारला मी मोठ्या हौसेने एक आलेख दाखवला होता. रॅटच्या गर्भाशयाची पट्टी, ऑर्गन बाथ, त्यात ऑक्सिटोसिनचे वाढते डोस आणि त्यांच्याबरोबर जिन्यासारखं वर चढत गेलेलं आकुंचन. दिसायला देखणा आलेख होता. समितीतल्या एका सरांनी चष्मा वर सारून एकच प्रश्न विचारला, "हे स्नायूवर होतंय की त्यातल्या नर्व्हवर?" मी म्हटलं, "सर, ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर स्नायूवरच असतो ना." सर म्हणाले, "ते पुस्तकात आहे. तुमच्या आलेखात कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गर्भाशयाची पट्टी कापून बाथमध्ये टांगली तरी तिच्यात मज्जातंतूंची टोकं शिल्लक असतात, आणि ती काही तास व्यवस्थित जिवंत राहतात. म्हणजे मी घातलेल्या पेप्टाइडने ती टोकं चाळवली, त्यांतून दुसरंच काही रसायन सुटलं आणि त्याने स्नायू आकसला, अशीही शक्यता उरतेच. त्या रात्री मी हा प्रश्न पहिल्यांदा कोणाला पडला ते शोधायला बसले आणि थेट १९०६ सालात जाऊन पोचले. पुढचा आठवडाभर प्रयोग बाजूला ठेवून जुने पेपर वाचले. जे सापडलं ते इथे मांडते आहे, कारण संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न या ना त्या रूपात भेटतो.

गोष्ट सुरू होते ती पिट्युटरीपासून नव्हे, तर एका बुरशीपासून. राय या धान्यावर अरगट नावाचा रोग पडतो. आपल्याकडे बाजरीवर पडतो तो अरगट त्याचाच चुलतभाऊ. युरोपातल्या सुइणी रायवरचा अरगट बाळंतपणात वापरत, कारण त्याने गर्भाशय जोरात आकसतं. पण त्यात नक्की काय काम करतं याचा पत्ता नव्हता. हेन्री डेल १९०४ मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा हेन्री वेलकम यांनी त्यांना हा अरगटचा गुंता सोडवून बघायला सुचवलं. डेलना स्वतःला या विषयात फारसा रस नव्हता. गाइडने दिलेला विषय बळेच गळ्यात पडावा तसंच काहीसं.

त्यांनी मांजरांवर प्रयोग सुरू केले. आणि इथे एक गंमत झाली, जी त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. एके दिवशी अरगटचे प्रयोग संपत आले होते आणि कंपनीच्या कारखान्यातून अॅड्रिनल ग्रंथीच्या अर्काचा एक नमुना तपासणीसाठी आला. मांजर समोर होतंच, डेलनी नमुना त्यालाच टोचला. रक्तदाब वाढायला हवा होता, तो उलट खाली आला. डेलनी नमुना खराब म्हणून शेरा मारला. पुढच्या आठवड्यात दुसरा नमुना आला, पुन्हा तसंच मांजर, पुन्हा तेच. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की बिघाड नमुन्यात नाही. मांजराच्या अंगात आधीच अरगट भिनलेलं आहे, आणि अरगटने अॅड्रिनॅलिनचा रक्तदाब वाढवणारा परिणाम अडवून ठेवला आहे.

हे वाचताना मी ओशाळले. पहिल्या वर्षी माझी गर्भाशयाची पट्टी ऑक्सिटोसिनला ढिम्म हलेना, तेव्हा मीही वहीत 'बॅच खराब' असं लिहून मोकळी झाले होते. बॅच उत्तम होती. मी रॅटला आदल्या दिवशी इस्ट्रोजेन द्यायला विसरले होते. इस्ट्रोजेन नसेल तर स्नायूवर रिसेप्टर कमी असतात, मग पट्टी हलणार कुठून? डेलना दोन नमुने लागले, मला तीन आठवडे.

मूळ मुद्द्याकडे येऊ. अॅड्रिनॅलिन सिम्पथेटिक मज्जातंतू जिथे काम करतात तिथेच काम करतं, आणि अरगट नेमकी ती वाट अडवतं, हे डेलना उमगल्यावर त्यांच्या हाती एक चाळणी आली. कुठलाही अर्क घ्या, अरगट दिलेल्या मांजराला टोचा. परिणाम नाहीसा झाला तर तो त्या वाटेने होत होता. टिकला तर दुसरी काही वाट आहे. त्यांनी या चाळणीतून इतर रक्तदाब वाढवणारे पदार्थही घातले. त्यांतला एक होता पिट्युटरीच्या मागच्या भागाचा अर्क. पिट्युटरीच्या अर्काने रक्तदाब वाढतो हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९५ मध्ये दाखवलंच होतं. डेलच्या मांजरात अरगट असूनही तो वाढला. आणि त्याच वेळी गाभण मांजरीचं गर्भाशय जोरात आकसलं.

१९०६ च्या 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'मधल्या त्यांच्या लेखाच्या नावात पिट्युटरी हा शब्दसुद्धा नाही, लेख अरगटवर आहे. ऑक्सिटोसिनच्या परिणामाची पहिली नोंद अशी दुसऱ्याच विषयाच्या पोटात सापडते. पण त्यातला तर्क बघा. मज्जातंतूची वाट अडवलेली असतानाही स्नायू आकसतो, तर हा अर्क स्नायूवरच काम करत असणार. सरांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी अर्धं तरी दिलं गेलं होतं.

यानंतर दवाखाना प्रयोगशाळेच्या पुढे धावला. लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेल यांनी १९०९ मध्ये हा अर्क बाळंतिणींना देऊन पाहिला. बाळंतपणानंतर गर्भाशय ढिलं पडून होणारा रक्तस्राव हे तेव्हा मरणाचं एक मोठं कारण होतं, आणि हा अर्क गर्भाशयाला घट्ट करत होता. लवकरच तो कळा वाढवण्यासाठी सर्रास टोचला जाऊ लागला, तोही मोठ्या डोसमध्ये. परिणाम भीषण होते. आकुंचन इतकं जोरात आणि न थांबणारं होई, की काही बायकांची गर्भाशयं फाटली, काही बाळं गुदमरली. एकाच वेळी भरमसाट टोचण्याऐवजी सलाइनमधून थेंबाथेंबाने, शरीर स्वतः सोडतं तितपतच द्यावं, ही साधी गोष्ट ठसायला १९४८ साल उजाडलं. ते काम इंग्लंडमधल्या थिओबाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं.

डोस मोजायचा तरी कसा, हाही प्रश्नच होता. पदार्थ शुद्ध नव्हता, त्याची रचना माहीत नव्हती. मग डेल आणि लेडलॉ यांनी १९१२ मध्ये गिनीपिगच्या गर्भाशयाच्या पट्टीलाच तराजू बनवलं. ठरलेल्या अर्काइतकं आकुंचन देईल तो तितक्या ताकदीचा. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. बैलांच्या पिट्युटरीच्या मागच्या भागाची वाळवलेली पूड घेतली आणि तिच्या अर्ध्या मिलिग्रॅममध्ये जेवढी ताकद, तिला एक युनिट म्हटलं. आज प्रसूतीनंतर रक्तस्राव टाळायला नर्स जे '१० युनिट' टोचते, त्या युनिटचा जन्म या पुडीत आहे. शुद्ध ऑक्सिटोसिनच्या वजनात बोलायचं तर एक युनिट म्हणजे जेमतेम पावणेदोन मायक्रोग्रॅम. जुना पेपर वाचताना युनिट दिसलं, की ते कोणत्या पुडीवर आणि कोणत्या प्राण्याच्या पट्टीवर मोजलंय ते आधी बघायचं, ही सवय मला इथून लागली.

१९२८ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीत ऑलिव्हर काम यांनी या अर्कातले दोन गुण वेगळे केले. रक्तदाब वाढवणारा एक, गर्भाशय आकसवणारा दुसरा. दुसऱ्याचं नाव ऑक्सिटोसिन, ग्रीक शब्दांवरून घेतलेलं, अर्थ साधारण 'झटपट प्रसूती'.

आता घोळाकडे. डेलनी दाखवलं की बाहेरून टोचलेला पदार्थ स्नायूवर काम करतो. पण शरीर स्वतः हा पदार्थ कधी सोडतं? कशाने सोडतं? आणि मुळात सोडतं तरी का, की हे सगळं औषधशाळेतलंच नाटक? उत्तर गर्भाशयात शोधणं अवघड होतं. ते मिळालं गोठ्यात.

आपल्याकडे यासाठी पान्हा हा किती नेमका शब्द आहे! दूध कासेत असणं वेगळं आणि जनावराने पान्हा सोडणं वेगळं, हे गवळ्याला कायमच ठाऊक होतं. रेडकाने ढुशा दिल्या की म्हैस पान्हावते, अनोळखी माणूस दिसला की पान्हा चोरते. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवत, ते याचसाठी. म्हणजे स्पर्श, वास, नजर यांचा, पर्यायाने मज्जासंस्थेचा संबंध उघड होता. दुसऱ्या बाजूला ऑट आणि स्कॉट यांनी १९१० मध्ये दाखवलं होतं, की पिट्युटरीचा अर्क टोचल्यावर शेळीचं दूध लगेच उतरतं. मग पान्हा मज्जातंतू सोडवतात की रक्तातून आलेलं रसायन?

अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत आवडतं काम वाटतं. त्यांनी गायीच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू कापले, उरलेली अर्धी कास तशीच ठेवली. नंतर नेहमीसारखी धार काढली. पान्हा मज्जातंतूंच्या हुकमाने सुटत असेल तर कापलेली बाजू कोरडी राहायला हवी. दोन्ही बाजूंनी सारखंच दूध आलं. कंट्रोल म्हणून दुसरी गाय नको की दुसरा दिवस नको, त्याच गायीची दुसरी बाजू, त्याच क्षणी! मग त्यांनी गायीला घाबरवून पाहिलं. पाठीवर मांजर ठेवलं आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडल्या. पान्हा अडला. थोड्या दिवसांनी मांजराची गरज नाही असं लक्षात आल्याने मांजराला सुट्टी दिली, हेही पेपरात प्रामाणिकपणे लिहिलंय. अॅड्रिनॅलिन टोचल्यावरही पान्हा अडत होता. पुढच्या वर्षी पीटरसन आणि लुडविक यांनी शरीराबाहेर काढलेल्या कासेतून रक्त फिरवलं. पान्हावलेल्या गायीचं रक्त असेल तर दूध उतरे, नुसत्याच उभ्या गायीचं असेल तर उतरत नसे.

याच ज्ञानाची दुसरी बाजू आपल्या गोठ्यांत दिसते. रेडकाची वाट बघायला नको म्हणून म्हशींना रोज ऑक्सिटोसिन टोचलं जातं. ते रोखायला केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातल्या विक्रीसाठी खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घातली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तेच औषध बाळंतिणीचा जीव वाचवतं आणि त्याचा तुटवडा परवडणारा नाही. एकच पेप्टाइड, दोन अवयव आणि दोन मंत्रालयांची डोकेदुखी.

गर्भाशयाची बाजू त्याच १९४१ साली टोरांटोच्या फर्ग्युसन यांनी उलगडली. प्रसूतीच्या टप्प्यावरच्या सशीचं गर्भाशयमुख ताणलं की गर्भाशयाची आकुंचनं वाढतात. मज्जारज्जू किंवा पिट्युटरीशी असलेला संबंध तोडला की हा परिणाम जातो. म्हणजे बाळाचं डोकं मुखावर दाबतं, ती खबर मज्जातंतूंनी मेंदूकडे जाते, पण मेंदूचं उत्तर रक्तातून येतं. त्याने आकुंचन वाढतं, डोकं आणखी दाबतं, पुन्हा खबर जाते. जाताना तार, येताना टपाल. तुम्ही अभ्यासता तो फर्ग्युसन रिफ्लेक्स हाच. 'मज्जातंतू की रक्त' या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' निघालं, आणि इतकी वर्षं लोक दोहोंतलं एक निवडत बसले होते.

तरी एक गाठ राहिलीच. खबर मेंदूत आली, तिथून ग्रंथीला निरोप कसा गेला? पिट्युटरीच्या मागच्या भागात धड ग्रंथीसारख्या पेशीच दिसत नव्हत्या, नुसते मज्जातंतूंचे धागे. हे कोडं खरं तर १९२८ पासून सुटू शकलं असतं. अर्न्स्ट शारर या जर्मन तरुणाने एका छोट्या माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये अशा चेतापेशी पाहिल्या, ज्यांच्या पोटात ग्रंथीसारखे थेंब होते. त्याने म्हटलं, या पेशी स्राव तयार करतात. लोकांनी मानलं नाही. चेतापेशी म्हणजे तार, ग्रंथी म्हणजे कारखाना. तार कारखाना कशी असेल? थेंब म्हणजे पेशी मेल्यावर किंवा रसायनात बुडवताना झालेली खराबी, असं अनेकांचं मत पडलं.

त्याची पत्नी बर्टा शारर यांनी हेच काम कीटकांत केलं. दोघं १९३७ मध्ये हिटलरची जर्मनी सोडून अमेरिकेत आले. नवरा-बायकोला एकाच संस्थेत पगार न देण्याच्या नियमांमुळे बर्टांना वर्षानुवर्षं बिनपगारी काम करावं लागलं. शिकागोत संशोधनासाठी प्राणी विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी तळघरातली झुरळं पकडून वापरली. त्यांना प्राध्यापकपद मिळालं ते १९५५ मध्ये. फेलोशिप सहा महिने अडकली की मला हा प्रसंग आठवतो आणि माझी तक्रार जरा लहान होते, संपत नाही.

शेवटी निकाल लागला तो एका रंगामुळे. गोमोरी यांनी स्वादुपिंडाच्या पेशी रंगवायला बनवलेली रीत जर्मनीतल्या बार्गमान यांनी १९४९ मध्ये मेंदूवर वापरली. हायपोथॅलॅमसमधल्या पेशींपासून पिट्युटरीपर्यंत निळे-जांभळे थेंब एका ओळीत उजळून निघाले, रात्री घाटातल्या गाड्यांसारखे. १९५१ च्या सुमारास देठ कापून पाहिलं तर थेंब कापलेल्या जागेच्या वर, मेंदूच्या बाजूला साचले. पिट्युटरीचा मागचा भाग हे नुसतं गोदाम आहे, माल वर मेंदूत तयार होतो. ऑक्सिटोसिन बनवणारी पेशी चेतापेशीच आहे, ती विजेच्या संदेशाने चालते आणि स्राव मात्र रक्तात सोडते.

रसायनाचा भाग थोडक्यात. डू व्हिन्यो यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५३ मध्ये ऑक्सिटोसिनची रचना उलगडली आणि त्याच सुमारास ते प्रयोगशाळेत बनवूनही दाखवलं. संप्रेरक असलेलं पहिलं कृत्रिम पेप्टाइड, १९५५ चं नोबेल. यात नऊ अमिनो आम्लं आहेत, पण जुन्या पेपरांत आठ लिहिलेली दिसली तर गोंधळू नका. गंधकाच्या पुलाने जोडलेली दोन सिस्टीन मिळून एक सिस्टिन अशी तेव्हा मोजत.

चेतापेशी खरोखर काय करतात ते ब्रिस्टलच्या वेकर्ली आणि लिंकन यांनी १९७३ मध्ये टिपलं. पिल्लं रॅटला सतत लुचत असतात, पण दूध येतं ते काही मिनिटांच्या अंतराने, झटक्यात. त्यांनी हायपोथॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवला. एरवी रमतगमत चालणाऱ्या पेशींचा वेग अचानक वीस ते चाळीस पटींनी वाढे, तोही दोन-चार सेकंदच. मग शांतता. आणि दहा-पंधरा सेकंदांनी स्तनातला दाब वाढे. ती दहा-पंधरा सेकंदं म्हणजे रक्ताचा प्रवास. फर्ग्युसन यांनी ज्याचा अंदाज केला होता ते टपाल इथे घड्याळ लावून मोजलं गेलं.

पण गर्भाशयाने आणखी एक धक्का दिला. प्रसूती सुरू होण्याआधी रक्तातलं ऑक्सिटोसिन फारसं वाढत नाही. मग कळा सुरू कशा होतात? फुक्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की वाढतात ते स्नायूवरचे रिसेप्टर, आणि प्रसूतीच्या सुरुवातीला ते शिखरावर असतात. आवाज तोच, कान मोठे झाले. रिसेप्टरला ऑक्सिटोसिन चिकटलं की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं आणि स्नायू आकसतो. कमी ऑक्सिटोसिनलाही भरपूर प्रतिसाद मिळतो. माझी इस्ट्रोजेनविना ढिम्म पट्टी याच नाण्याची उलटी बाजू होती. शिवाय गाभणपणाच्या शेवटी गिनीपिगच्या गर्भाशयातले सिम्पथेटिक मज्जातंतू जवळजवळ नाहीसे होतात. ज्या अवयवात तारांची सर्वांत जास्त गरज आहे असं वाटतं, तिथे शरीर त्या तारा आधीच काढून ठेवतं.

आणि मग १९९६. दोन गटांनी ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेले माउस तयार केले. नावातच झटपट प्रसूती असलेलं संप्रेरक नाही, तर प्रसूती अडणार, अशी अपेक्षा होती. माद्या व्यवस्थित व्यायल्या, पण पान्हा सुटेना. पिल्लांच्या पोटात दुधाचा थेंब नाही, ती मरू लागली. आईला ऑक्सिटोसिन टोचल्यावर दूध उतरलं. पुढच्या वर्षी सुगिमोतो यांच्या गटाने प्रोस्टाग्लँडिन एफ-टू-अल्फाचा रिसेप्टर नसलेले माउस दाखवले. या माद्यांना कळाच येत नव्हत्या, कारण प्रोजेस्टेरॉन खाली उतरत नव्हतं आणि म्हणून ऑक्सिटोसिनचे रिसेप्टरही वाढत नव्हते. माउसमध्ये प्रोजेस्टेरॉन शेवटपर्यंत अंडाशयातून येतं, बाईमध्ये वारेतून, त्यामुळे हा निष्कर्ष उचलून माणसावर ठेवता येत नाही. पण डेलनी १९०६ मध्ये जे पाहिलं, म्हणजे 'हा पदार्थ गर्भाशय आकसवू शकतो', आणि नंतर सगळ्यांनी जे गृहीत धरलं, म्हणजे 'याच्याशिवाय प्रसूती होत नाही', यांत फरक होता. तो दिसायला नव्वद वर्षं गेली.

सरांच्या प्रश्नाला मी दोन महिन्यांनी उत्तर दिलं. इस्ट्रोजेन दिलेल्या रॅटची पट्टी घेतली. आधी विजेचे छोटे झटके दिले, पट्टी आकसली, म्हणजे तिच्यातले मज्जातंतू जिवंत होते. मग मज्जातंतूंचे सोडियम चॅनल बंद करणारं टेट्रोडोटॉक्सिन बाथमध्ये घातलं आणि तेच झटके पुन्हा दिले. पट्टी हलली नाही. त्याच बाथमध्ये, त्याच पट्टीला ऑक्सिटोसिन दिलं. जिना पुन्हा वर चढला, जवळपास तेवढाच. सरांनी तो आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "आता सांगा, ही पट्टी गाभण रॅटची आहे का?" ती नव्हती. त्या प्रयोगाची तयारी सध्या चालू आहे.